चिंतामणी सुखटणकरांना पसंत पडलेली गाडी

चिंतामणी सुखटणकर एखाद्या गाडीपाशी उकिडवे बसले की फणसवाडीत आजूबाजूची माणसं बोलायची थांबत. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा आपण थांबतो, तशी. चिंतामणी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढत, दारांवरून, मडगार्डवरून, डिकीवरून सावकाश फिरवत, आणि कुठेतरी मागाहून दिलेल्या जाड रंगामुळे ते पत्र्याला धरेनासं झालं की मान वर न करता म्हणत, "हिला लागलंय."

संपलं. व्यवहार मोडला. विकणारा चडफडत गाडी घेऊन जाई, घेणारा चिंतामणींना कॉफी पाजायला नेई.

माणसाचा सगळा जन्म एका विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेला होता. समोर येणारी प्रत्येक गाडी ठोकलेलीच. न ठोकलेली गाडी घेऊन विमा कंपनीत येईल कोण? पण त्यामुळे झालं असं, की जगात धड गाडीही असते यावरचा त्यांचा विश्वासच उडाला. निवृत्त झाल्यावर ही विद्या ते गिरगावात फुकट वाटायला लागले. आणि नुसती तपासून थांबणारे ते नव्हते, शिकवायचीही हौस. कुणीही दिसला की त्याला गाडीजवळ ओढून न्यायचे. "हे बघ. पत्र्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघ. कंपनीचा रंग संत्र्याच्या सालीसारखा असतो, बारीक खडबडीत, पण सगळीकडे सारखा. इथे बघ, आरसा झालाय. म्हणजे हे दार गॅरेजवाल्याने रंगवलंय. आता रबराची पट्टी उचल. दिसला ना रंगाचा फवारा? रबराला कोण रंग देतं? आणि हा बोल्ट बघ, पाना लागल्याचा ओरखडा. दार उतरवलं होतं."

ऐकणारा बिचारा पाव आणायला निघालेला असे.

या सगळ्याचं सार म्हणून त्यांचा एक नियम होता आणि तो ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ करायला लावत. गाडी जुनी चालेल, फिकी चालेल, पण एकसारखी हवी. एक पत्रा जरी बाकीच्यांशी जुळला नाही, तरी तिथे काहीतरी घडलंय आणि कुणीतरी ते लपवतंय.

नियमाला अपवाद नव्हता. त्यांचे थोरले भाऊ अण्णा गेले, तेव्हा शववाहिनी आली. पुतण्यांनी तिरडी उचलून आणली. चिंतामणी डोळे पुसत पुढे झाले, मागच्या दाराला हात लावला आणि थबकले. हात परत फिरवला. मग वाकून तिरप्या नजरेने बघितलं.

"हे दार बदललंय," ते म्हणाले.

"काका, खांदे भरून आले," पुतण्या म्हणाला.

ड्रायव्हर खाली उतरला. "साहेब, आतल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. अण्णाला ठोकलेल्या गाडीतून जाऊ देणार नाही."

चंदनवाडीचं स्मशान जवळ, म्हणून अण्णांना खांद्यावरून नेलं. अण्णा अंगाने चांगले भरलेले. खांदेकरी पुढे बरेच दिवस मलम चोळत होते, आणि चिंतामणींचं मात्र वाडीत नाव झालं. काय नजर आहे, दुःखातसुद्धा चुकली नाही.

या नजरेची खरी झळ बसली ती त्यांच्या बायकोला. इरावतीबाईंना गाडी हवी होती.

इरावतीबाईंनी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलेलं. स्वभाव तडकाफडकी, दारात कुणी घुटमळलेलं त्यांना खपत नसे. पन्नाशीच्या आत-बाहेर असताना चौपाटीजवळच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन त्या गाडी शिकल्या आणि पहिल्या फटक्यात लायसन घेऊन आल्या. लायसनची मुदत संपली, वाढली, पुन्हा संपली, पुन्हा वाढली, फोटोतले केस काळ्याचे पांढरे झाले, पण गाडी काही आली नाही. बघितलेल्या प्रत्येक गाडीला लागलेलं होतं. हातची सवय जाऊ नये म्हणून बाई परळला लेकीकडे, दीपिकाकडे जात आणि तिच्या टॉवरच्या तळघरात तिची गाडी खांबांच्या मधून दुसऱ्या गिअरमध्ये गोल गोल फिरवत. तिथल्या वॉचमनची समजूत होती की या आजींना पार्किंगची जागाच सापडत नाहीये. तो प्रत्येक फेरीला धावत येऊन हात दाखवी.

एकदा दीपिकाच म्हणाली, "बाबा, नवी घ्या ना सरळ. शोरूममधून."

गेले. नवी कोरी गाडी, सीटवर प्लास्टिक. चिंतामणी मागच्या डाव्या दारापाशी खाली बसले तेव्हा इरावतीबाईंनी पर्सची चेन लावून टाकली.

"सर, परवाच फॅक्टरीतून आलीय," सेल्समन म्हणाला.

"आलीय ना. पण वाटेत कुणाला तरी भेटून आलीय."

मॅनेजर आला, चहा आला, आणि शेवटी, ट्रेलरवरून उतरवताना थोडंसं घासलं होतं, तेवढं टचिंग केलंय, असं कबूलही झालं. त्यानंतर त्या शोरूमच्या दारावरचा माणूस चिंतामणींना लांबून बघूनच 'आज बंद आहे' म्हणू लागला.

"तुम्ही बघितलेल्यांपैकी चालणारी एक तरी होती की नाही?" इरावतीबाईंनी एकदा विचारलं.

"चालतात सगळ्याच. प्रश्न चालण्याचा नाही, इरा, चारित्र्याचा आहे."

"मला ती चालवायचीय. तिच्याशी सोयरीक नाही करायची."

"सोयरिकीत एवढं बघावं लागत नाही," चिंतामणी म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. इरावतीबाई तोवर दुसऱ्या खोलीत गेल्या होत्या.

मग गुडघा आला. डावा. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, बाई, क्लच दाबायची हौस असेल तर या वर्षा-दोन वर्षांत भागवून घ्या, पुढे हा पाय ऐकायचा नाही. दीपिका म्हणाली, मग ऑटोमॅटिक घे. "गिअर नसलेली गाडी म्हणजे मिक्सर," इरावतीबाई म्हणाल्या. "बटण दाबायचं आणि आवाज ऐकत बसायचं." त्यांना स्वतःची, गिअरची गाडी भर रस्त्यावरून चालवायची होती, आणि आता ते होईल की नाही याची त्यांना पहिल्यांदाच खात्री वाटेना. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून गाडी येत नाही.

आषाढ सरत आला होता. शिवडीच्या कोळीवाड्यातली रखमा वर्षानुवर्षं त्यांच्याकडे मासळी घेऊन यायची. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून ती सोडे आणि सुके बोंबील घेऊन आली होती. टोपली उतरवून जिन्यातच बसली.

"बाय, तुम्हाला गाडी पायजे म्हनतात. आमची घ्या ना."

"तुमची गाडी आहे?"

"हाय तर. कुलाब्याच्या डाक्टरची होती, ह्यांनी घेतली. बर्फ आनायला, मला बाजारात सोडायला. आता ह्यांचा खांदा धरला. पावसाळ्यात होडी पन रंगवायची आन् गाडी पन, होत नाय त्यांच्याच्यानं. पोरगा प्रितेश, त्याला आफिसात जायला फटफटी पुरते."

इरावतीबाईंनी ते रंगवायचं वाक्य नीट ऐकलं, आणि त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला कुठला प्रश्न विचारू नये एवढं कळतं. त्यांनी फक्त गाडी चालते का ते विचारलं.

"चालते म्हंजे? माशांचं वजन घेऊन चालते. तुमचं काय वजन."

आठवड्याभरात व्यवहाराचं बोलणं झालं, प्रितेश येऊन कागदपत्रं दाखवून गेला, आणि एका उघडिपीच्या सकाळी नवरा-बायको टॅक्सीने शिवडीला पोचले. चिंतामणींबरोबर लोहचुंबक होतं, टॉर्च होती, स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि दीपिकाने वाढदिवसाला दिलेलं रंगाची जाडी मोजायचं यंत्रही होतं. पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवायचं. इरावतीबाईंनी पायात चालवायचे बूट घातले होते. मनाशी त्यांनी ठरवलं होतं की या खेपेला परत टॅक्सीत बसायचं नाही.

बंदराच्या बाजूला, ताडपत्रीच्या मांडवाखाली, होडी आणि गाडी शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीला चाकं होती, एवढंच. दोघींचा रंग तोच, होडीचा म्हणतात तो गडद निळा. दोघींना खालून हातभर लाल पट्टा, मधून पांढरी रेघ. होडीच्या पुढच्या निमुळत्या नाळेवर 'अंबिका' लिहिलं होतं. गाडीच्या दारावर 'छोटी अंबिका'.

रखमाचा नवरा उत्तम हात पुसत पुढे आला. बुटका, रुंद, एक खांदा वर उचललेला. "बघा साहेब. बिनधास बघा."

चिंतामणींनी गाडीकडे बघितलं, मग बायकोकडे. इरावतीबाई होडीकडे बघत होत्या.

त्यांनी रुमालातलं चुंबक पुढच्या दाराला लावलं. चुंबक खाली पडलं. ते उचलून मडगार्डला लावलं. पडलं. मागच्या दाराला लावलं. पडलं. टपावर ठेवलं, तर उतारावरून घरंगळत येऊन त्यांच्याच बुटावर बसलं.

"हिला लागलंय," चिंतामणी म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. गोंधळले होते.

"कुठं लागलंय?" उत्तमने विचारलं.

"पुढून. मागून. दोन्ही बाजूंनी." ते टपाकडे बघत राहिले. "आणि उलटी पण झालीय. दरीत गेली होती का?"

"शिवडीत दरी कुठं, साहेब?"

"मग टपाला काय झालं?"

"टपाला काय व्हायचं हाय? एक ओरखडा नाय हिला. डाक्टरनी पन नाय काढला, मी पन नाय." उत्तमचा चेहरा पडला. "कोन बोललं तुम्हाला ठोकलेली म्हणून?"

"पण रंग?"

"रंग मी दिला."

"कुठल्या पत्र्याला?"

उत्तमला प्रश्नच कळेना. "गाडीला," तो म्हणाला.

मग हळूहळू उलगडा झाला. दर पावसाळ्यात होडी वर ओढायची, खरवडायची, आणि नारळी पुनवेच्या आत तिला रंग द्यायचा. बापाने दिला, आज्याने दिला. डॉक्टरची गाडी आली तेव्हा पांढरी होती. पहिल्याच वर्षी दाराच्या खाली गंज दिसला. होडीचा रंग उरलाच होता, ब्रश हातातच होता. मग दर वर्षी उरायला लागला. नाही उरला तर आणायचा. एकीला नवं लुगडं आणि एक जुन्यातच, असं पुनवेला कसं दिसेल?

"ब्रशने?" चिंतामणींनी विचारलं.

"मग काय बोटांनी?" रखमा म्हणाली.

"आरटीओत नोंद केलीय," उत्तम घाईघाईने म्हणाला. "पुस्तकात लिवलंय, निळा."

चिंतामणी एका पालथ्या खोक्यावर बसले. रखमाने चहा आणून दिला, तो त्यांनी नुसता धरून ठेवला. मग कप खाली ठेवून त्यांनी ते यंत्र काढलं आणि दाराला टेकवलं. आकडा येईना. दोन आडव्या रेघा आल्या. बॉनेटला टेकवलं. दोन रेघा. ज्याने यंत्र बनवलं त्याच्या स्वप्नातही एवढा जाड रंग आला नसावा. चिंतामणी गाडीभोवती फिरले, दर दोन पावलांवर टेकवत गेले, आणि सगळीकडे त्याच दोन रेघा बघत परत खोक्यापाशी आले.

इरावतीबाई एवढा वेळ होडीकडेच बघत राहिल्या होत्या. तो त्यांच्या मानाने फार झाला.

"अहो, तुमचा नियम काय?"

"कुठला?"

"गाडी जुनी चालेल."

"फिकी चालेल," चिंतामणी सवयीने म्हणाले. "पण एकसारखी हवी."

"दारावर काय आलं?"

"दोन रेघा."

"बॉनेटवर?"

"दोन रेघा."

"टपावर?"

चिंतामणी यंत्र पुसायला लागले.

"म्हणजे फरक किती?"

"इरा, हा वितंडवाद आहे. ही गाडी नखशिखांत रंगवलेली आहे."

"मी ते विचारलं नाही. फरक किती ते विचारलं."

"फरक नाही," ते म्हणाले. कोर्टात साक्ष देताना माणूस म्हणतो, तसं.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. चिंतामणी उठले, टॉर्च घेतली आणि पुन्हा गाडीत घुसले. आजवर जन्मभर त्यांनी कंपनीच्या रंगात गॅरेजचा रंग शोधला होता. आता ते होडीच्या रंगात कंपनीचा रंग शोधायला लागले. मूळचा एक ठिपका जरी सापडला तरी गाडी नापास. त्यांनी पेट्रोलचं झाकण उघडलं. आत निळं. दारांचे बोल्ट निळे. बॉनेटच्या आतली बाजू निळी. डिकीतलं जादा चाक काढलं, त्याची रिम निळी, जॅक निळा, पाना निळा. त्यांनी राखदाणी बाहेर ओढली. निळी.

"राखदाणी का?" त्यांनी विचारलं.

"समुद्र कुठनं आत शिरंल, काय नेम?" उत्तम मागे मागे फिरत होता आणि हळूहळू फुलत चालला होता. गाडी इतक्या कौतुकाने कुणी बघितली नव्हती. "सीट काढून बघा, सीट. खाली पन दिलाय."

सीट काढून बघितली. खाली पण दिला होता.

चिंतामणी बाहेर आले तेव्हा त्यांचं टक्कल घामाने चमकत होतं आणि चेहऱ्यावर इरावतीबाईंनी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मुलगी झाली तेव्हासुद्धा एवढं नव्हतं. "इरा," ते हळूच म्हणाले, "एकही पत्रा दुसऱ्याच्या विरुद्ध बोलत नाहीये."

"सगळे मिळून एकच थाप मारतायत, म्हणून. घ्यायची ना?"

"थांब. नंबरप्लेट राहिली."

सरकारी नवी प्लेट बसवायची तारीख उत्तमला पुढच्या आठवड्यातली मिळाली होती, त्यामुळे मागे अजून जुनीच प्लेट दोन स्क्रूंवर होती; पुढची नुसती जाळीला बांधलेली, तिच्यामागे पत्राच नव्हता. प्लेटच्या कडेकडेने निळा रंग इतका सफाईने फिरवला होता की पट्टी लावून आखल्यासारखा. चिंतामणींनी स्क्रू काढले. प्लेट हातात आली.

मागे पांढरं होतं. लांबट चौकोन, कंपनीचा, नवाकोरा, संत्र्याच्या सालीचा.

"लागलंय?" रखमाने विचारलं.

"नाही. इथे काहीच लागलेलं नाही," चिंतामणी खिन्नपणे म्हणाले. "तोच तर घोटाळा आहे."

उत्तम पुढे आला, वाकला, आणि त्याने दोन्ही हात डोक्याला लावले. होडीचा नंबर लाकडावरच रंगवलेला असतो. त्याच्या मागे आणखी काही असेल ही शंका त्याच्या बापाला नव्हती, आज्याला नव्हती, त्याला कुठून येणार? गाडीचा नंबर म्हणजे गाडीचंच अंग, अशाच समजुतीने तो दर वर्षी त्याच्या भोवतीने ब्रश फिरवत आला होता. "पुनवेला हार घातला हिला," तो पुटपुटला. "आन् ही पाठीमागनं तशीच." मग एकदम उठून तो होडीकडे गेला आणि तिच्या नंबरावर नख घासून बघायला लागला.

"त्याच्यामागं काय सापडतं का बघा," रखमा म्हणाली. "माझं मंगळसूत्र हरवलंय तेवढं."

इरावतीबाईंचं लक्ष मात्र नवऱ्याच्या हाताकडे होतं. त्या हाताने चुंबक उचललं, रुमालाची घडी घातली आणि दोन्ही खिशात टाकलं. असं झालं की पुढे टॅक्सी बोलवायची असते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. किल्ली लावलेली होती. आणि आडवा आला होता वीतभर पांढरा चौकोन, तोही खराखुरा.

त्यांनी मांडवाच्या खांबाशी ठेवलेला रंगाचा डबा बघितला. झाकण उघडंच होतं. त्यातला ब्रश उचलून, कडेला निथळून त्यांनी तो नवऱ्यापुढे धरला.

"घ्या."

"म्हणजे?"

"फरक तुम्हाला दिसतो ना? मग तुम्हीच घालवा."

"मी? रिपेंट मी करू?"

"नाहीतर मी करते. माझा हात कापतो, ओघळ येतील. मग प्लेट लावली तरी मागे ओघळ आहेत हे तुम्हाला आयुष्यभर ठाऊक असेल. झोप लागेल?"

चिंतामणींनी ब्रश घेतला. पोलिसात पुष्कळ नोकरी झाल्यावर माणूस पहिल्यांदा चोरी करायला निघाला तर जसा इकडेतिकडे बघेल, तसं बघितलं. गिरगावातलं कुणी नव्हतं.

"आडवा मारा, साहेब," उत्तम होडीकडून परत येत म्हणाला. "उभा नाय. आन् दाबू नका, गोंजारा."

चिंतामणींनी गोंजारलं. पहिला फटका भीतभीत, दुसरा बरा, तिसऱ्याला जीभ बाहेर आली. पांढरं गेलं. ते मागे सरले, डोकं तिरपं करून बघितलं, पुढे होऊन एक कोपरा सारखा केला, पुन्हा मागे सरले. "ह्याला एकच हात झालाय," ते म्हणाले. "बाकीच्यांना इतक्या वर्षांचे. यंत्र टेकवलं तर इथे आकडा येईल."

"दर वर्षी पुनवेच्या आधी घेऊन या," उत्तम म्हणाला. "ह्या चौकोनाला एक हात जादा देऊ. येईल हळूहळू बाकीच्यांच्या बरोबर."

"तोवर मी नव्वदीला टेकेन."

"मग टेका की," रखमा म्हणाली. "घाई काय हाय?"

चिंतामणींनी यावर विचार केला. नव्वदीपर्यंत करण्यासारखं काम त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. "घेऊ," ते म्हणाले.

इरावतीबाई तोवर सीटवर बसून आरसा जुळवत होत्या. रखमाने बॉनेटला हळदकुंकू लावलं, उत्तमने टपावर एकदा हात ठेवला आणि काढला. खरी अडचण होती ती हवेची. आषाढातल्या दमट हवेत रंग काही वाळेना, आणि ओल्यावर प्लेट लावायला चिंतामणी मरेपर्यंत तयार झाले नसते.

"संध्याकाळपर्यंत थांबू," ते म्हणाले.

"मी लायसन काढल्यापासून थांबलेय. प्लेट हातात धरा आणि मागे बसा."

गाडी निघाली. गिअर खणखणीत पडला, क्लच दबला, आणि बंदराच्या ट्रकांमधून वाट काढत इरावतीबाई मोठ्या रस्त्याला लागल्या. परळच्या बाजूला एका बसने हॉर्न मारला, तर त्यांनी बसला हॉर्न मारला. मागच्या सीटवर चिंतामणी पाठमोरे, गुडघ्यांवर बसले होते आणि प्लेट दोन्ही हातांनी मागच्या काचेला आतून टेकवून धरली होती, म्हणजे कायदा मोडायला नको. मागून येणाऱ्यांना नंबर दिसत होता आणि नंबराच्या वर एक काळजीत पडलेला म्हातारा.

लालबागच्या सिग्नलला ट्रॅफिक हवालदाराने हात केला. गाडीला एक चक्कर मारून तो खिडकीशी आला.

"आजी, नंबरप्लेट गाडीला लावतात."

"माहीत आहे. मागे रंग ओला आहे."

"कुठे ठोकलीत?"

हा शब्द मागे ऐकू गेला. दार उघडून चिंतामणी प्लेटसकट भर रस्त्यात उतरले. "ठोकलेली नाही. या गाडीचा एकही पत्रा ठोकलेला नाही, मी स्वतः तपासलाय. हवं तर सीट काढून दाखवतो."

"सीट राहू द्या. ठोकली नाही तर रंग कशाला?"

"एकसारखी व्हावी म्हणून."

हवालदाराने इरावतीबाईंकडे बघितलं. त्यांनी फक्त खांदे उडवले. असल्या खुलाशांवर विश्वास ठेवणारा माणूस ट्रॅफिकमध्ये टिकत नाही. त्याने मागे जाऊन त्या निळ्या चौकोनावर अंगठा दाबला, चांगला दाबला, आणि उचलला.

रंग खरोखरच ओला होता. चौकोनाच्या बरोबर मधोमध, सुबक रेषांचा, हवालदाराचा अंगठा उमटला.

हवालदार निळ्या अंगठ्याकडे बघत राहिला. चिंतामणी चौकोनाकडे बघत राहिले. सिग्नल हिरवा झाला, मागे भायखळ्याला जाणारी सगळी माणसं हॉर्न वाजवू लागली.

"इरा," चिंतामणी म्हणाले, "फरक पडला."

"आजोबा, बसा गाडीत," हवालदार अंगठा कुठे पुसावा ते शोधत म्हणाला. "आणि आजी, हलवा ती, आधी हलवा."

"मागे वळव. शिवडीला. अजून एक हात मारावा लागेल."

"बसताय, की मी जाऊ?"

चिंतामणी बसले. म्हणजे पुन्हा गुडघ्यांवर, पाठमोरे, प्लेट काचेला लावून. इरावतीबाईंनी पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, आणि शिवडीकडे वळायचा रस्ता डाव्या हाताला आला तसा सोडून दिला. मागून, अंगठ्याच्या रेषा कुठल्या कागदाने घासल्या तर जातील, याबद्दल काहीबाही ऐकू येत होतं. त्यांनी वरच्या आरशात बघितलं. मागची वाहनं दिसत नव्हती, नुसती नवऱ्याची पाठ दिसत होती. त्यांनी बाहेरचा आरसा जरा फिरवून घेतला आणि तिसरा टाकला.